अण्णांचा उलटा हप्ता

बेंगळुरात घर भाड्याने घ्यायचं तर मालकाला दहा महिन्यांचं भाडं आगाऊ द्यावं लागतं. त्याला इथे नुसतं ‘अ‍ॅडव्हान्स’ म्हणतात आणि घर सोडताना रंगाचे पैसे कापून बाकीचे परत मिळतात, अशी एक समजूत आहे. सांगलीहून बॅग घेऊन उतरलेल्या माझ्यासारख्याकडे दहा महिन्यांचं भाडं कुठून असणार? मी ते मोबाइलवरच्या एका कर्ज देणाऱ्या अ‍ॅपकडून घेतलं आणि अण्णांच्या हातात ठेवलं. अण्णांनी ते बँकेत मुदत ठेवीत टाकलं. म्हणजे एकाच पैशावर मी वर बसून व्याज भरत होतो आणि अण्णा खाली बसून व्याज मिळवत होते, आणि या दोन व्याजांत जमीन-अस्मानाचं अंतर होतं. ही व्यवस्था दोन वर्षं सुरळीत चालली. तीत काही चुकतंय असं मला, कॉम्प्युटरची पदवी घेतलेल्या माणसाला, एकदाही वाटलं नाही.

अण्णा म्हणजे माझे घरमालक. इंदिरानगरच्या मागच्या बाजूला, एका अरुंद गल्लीत त्यांचं दुमजली घर होतं. खाली अण्णा आणि त्यांच्या पत्नी अक्का, वर मी. त्यांचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आलं आणि फौज परत गेली तरी हे राहिले. अण्णा एका सरकारी कारखान्यात स्टोअर सांभाळून निवृत्त झाले होते. त्यांचं मराठी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, हे कन्नड बोलताहेत. माझं ऐकून त्यांना वाटलं, मी इंग्रजी बोलतोय. दोघांचंही फारसं चुकलं नव्हतं.

घर बघायला गेलो तेव्हा त्यांनी लग्न झालंय का, मांसमच्छी खातोस का, मित्र किती येतात, यातलं काहीच विचारलं नाही. चष्म्यावरून बघत एकच प्रश्न केला, “कर्ज किती आहे?” तेव्हा माझ्या पाकिटात चार क्रेडिट कार्डं होती आणि चारही काठोकाठ भरलेली होती. मी म्हणालो, “छे हो अण्णा, कर्ज कसलं?” त्यांनी खूश होऊन किल्ली दिली.

पुढे माझ्या या कर्जापायी धाकट्या बहिणीचं शिक्षण अडलं आणि ते सोडवायला अण्णांना आयुष्यभराचा नेम मोडावा लागला. त्याबद्दलच सांगायचंय. पण त्याआधी त्यांचा नेम काय होता ते कळायला हवं.

अण्णांनी जन्मात कुणाकडून उसनं घेतलं नव्हतं. दुकानदाराकडे सुटे नसले तर ते वस्तू तिथेच ठेवून घरी जात, सुटे घेऊन परत येत. पण हप्त्यांची गंमत त्यांना फार होती. जग हप्त्याने वस्तू घेतं आणि आपण मागे राहिलो, असं त्यांना कुठेतरी वाटत असावं. म्हणून त्यांनी स्वतःचे हप्ते शोधून काढले. फ्रिज घ्यायचं ठरलं की त्या महिन्यापासून ते अक्कांकडे दरमहा हप्ता भरायला लागत. दुधाच्या पावडरीच्या एका जुन्या डब्यात ते पैसे जात. शेवटचा हप्ता भरला की मग दोघं दुकानात जाऊन रोख पैसे मोजून फ्रिज आणत. याला ते उलटा हप्ता म्हणत. उशीर झाला तर दंडही भरत. आणि वसुली अक्का करत.

ही वसुली बघण्यासारखी असायची. दर महिन्याच्या पाच तारखेला अक्का स्वतःच्याच घराच्या बाहेर जाऊन दारावर टकटक करत. अण्णा आतून विचारत, कोण आहे? अक्का म्हणत, हप्ता. मग अण्णा दार उघडून ‘या मॅडम, बसा मॅडम’ करत, पेन्शन उशिरा आली, पाहुणे आले होते, अशी एकेक सबब पुढे करत. अक्का कमरेवर हात ठेवून ऐकून घेत आणि शेवटी पैसे घेऊनच आत जात, म्हणजे स्वयंपाकघरात. मी जिन्यावर उभा राहून हे बघायचो आणि पोट धरून हसायचो. त्याच दिवशी माझ्या खिशातला फोन सकाळपासून थरथरत असायचा आणि मी तो उचलत नसायचो, तो भाग वेगळा.

माझं कर्ज कशाकशाचं होतं हे आता आठवायचं म्हटलं तरी हसू येतं. एक मोठी बुलेट होती, जी व्हाइटफील्डच्या ट्रॅफिकमध्ये चालत्या माणसाच्या मागे राहायची, म्हणून मी ती घरी ठेवून ऑफिसच्या कॅबने जायचो. कॉफीचं एक परदेशी यंत्र होतं. ते धुवायला त्रास होतो म्हणून मी कोपऱ्यावर उभा राहून कॉफी प्यायचो. एका जिमची वर्षाची फी होती, आणि त्या जिमचा रस्ता मला शेवटपर्यंत माहीत नव्हता. एका कार्डाचं भरायला दुसरं कार्ड, दुसऱ्याचं भरायला अ‍ॅप, असं करत मी एक साखळी उभी केली होती. ऑफिसात मी दुसऱ्यांच्या प्रोजेक्टमधली जोखीम शोधण्याचं काम करायचो आणि त्याबद्दल मला एकदा बक्षीसही मिळालं होतं.

सांगलीला वडिलांच्या मागे आई तिच्या तुटपुंज्या पेन्शनवर घर चालवत होती. बहीण बारावी झाली होती. त्या दोघींसाठी मी बेंगळुरातला मोठा साहेब होतो. मी त्यांना हॉटेलांतले फोटो पाठवायचो. पैसे पाठवायचे राहून जायचे.

एका रविवारी सकाळी वसुलीवाला दारात आला. होसकोटेहून स्कूटरवर आलेला, टाय लावलेला, पस्तिशीचा एक सभ्य माणूस. मी वरून त्याला पाहिलं आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलो. बराच वेळ झाला तरी वर कुणी येईना. जिन्यापर्यंत येऊन डोकावलो तर तो अण्णांच्या खुर्चीत बसून कॉफी पीत होता आणि अण्णा त्याला खोदून खोदून विचारत होते: तुम्ही दारात पहिलं वाक्य काय बोलता? माणूस रडायला लागला तर काय करता? बायकोला सांगू का असं म्हणता की नाही? त्याला वाटलं असणार, हे हेड ऑफिसचे कुणी मोठे अधिकारी आहेत. तो मनापासून शिकवत होता. आवाज चढवायचा नाही, उतरवायचा, असं त्याने अक्कांना सांगितलं. अक्कांनी लगेच तसं करून दाखवलं. जिन्यावर माझ्याच अंगावर काटा आला.

मग अण्णांनी सहज विचारलं, कुणाकडे आला होतात? त्याने माझं नाव सांगितलं.

मला खाली बोलावलं गेलं. अण्णा रागावले नव्हते, त्यामुळे मला आणखीच अवघड झालं. त्यांनी विचारलं, “कशाला घेतले होतेस हे पैसे?”

“तुमच्या अ‍ॅडव्हान्ससाठी.”

“माझ्यासाठी?” त्यांनी कप खाली ठेवला. “मी कुणाचं देणं लागलो नाही आजवर. आणि माझ्यापायी तू दोन वर्षं व्याज भरतोस, हौदा, खरं काय हे? आणि मी ते घेऊन सुखानं ठेव करून बसलो?”

माझ्या चार कार्डांबद्दल त्यांना काहीच म्हणायचं नव्हतं. ती माझी अक्कल. पण त्या अ‍ॅडव्हान्सने त्यांना बेचैन केलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुदत ठेव मोडली आणि सगळा अ‍ॅडव्हान्स, वर तिच्यावर मिळालेलं व्याज, माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. भाडेकरू घरात राहत असताना मालकाने अ‍ॅडव्हान्स परत दिला, हे बेंगळुरात कुणी ऐकलेलं नव्हतं. गल्लीत दोन दिवस बोलणं चाललं की अण्णांच्या डोक्यावर परिणाम झाला. शेजारच्या मालकाने तर अक्कांना बाजूला घेऊन डॉक्टरचं नाव सुचवलं.

पण अण्णांना नुसतं कर्ज फेडायचं नव्हतं, भाव करून फेडायचं होतं. बाजारात वांगी घेताना करतात तसा. आयुष्यात पहिल्यांदा एक कर्ज त्यांच्या हाती लागलं होतं, मग ते छापील किमतीला कसं घेणार? पुढचे दोन रविवार तो वसुलीवाला येत राहिला. अक्कांनी त्याला उप्पिट खाऊ घातलं, एकदा अवरेकाईचं, म्हणजे पावट्याचं सांबारही. अण्णा म्हणत, हे व्याज फार झालं, हा दंड कशाबद्दल, पोरगा गरीब आहे, स्वल्प कमी करा. तो बाहेर जाऊन साहेबांना फोन करी आणि आत येऊन थोडं कमी करी. अखेर बऱ्याच कमी रकमेवर सौदा पटला. अण्णांनी मला आपल्यासमोर फोनवर बटण दाबायला लावलं. पैसे गेले. उरलेल्या पैशांतून दोन कार्डांची देणीही मिटली. त्या रात्री आम्ही तिघांनी पायसम खाल्लं. अण्णा अशा चेहऱ्याने बसले होते जसं काही त्यांनी किल्ला घेतला होता, आणि मलाही वाटलं, सुटलो बुवा. बारीक अक्षरातलं काही वाचायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही. अण्णांना वाचता येत होतं पण माहीत नव्हतं. मला माहीत असायला हवं होतं पण मी कधी वाचत नाही.

त्या जूनमध्ये बहिणीला बेंगळुरातल्याच एका कॉलेजात रेडिओलॉजीच्या डिप्लोमाला जागा मिळाली. एक्सरे, सीटीस्कॅन काढायला शिकवणारा दोन वर्षांचा कोर्स. फी आमच्या आवाक्याबाहेर होती, पण शैक्षणिक कर्ज मिळणार होतं. आईच्या पेन्शनवर बँक भागवून घेईना. कुणी कमावता जामीन हवा म्हणाली. कमावता म्हणजे मी. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. अण्णाही बरोबर आले, त्यांना कर्जाची बँक आतून बघायची होती.

तिथल्या अधिकारी बाई धारवाडच्या होत्या, शांत आणि सरळ. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, तुमचा क्रेडिट स्कोअर फार खाली आहे. हप्ते चुकलेले आहेत ते आहेतच, पण हे एक कर्ज तुम्ही पूर्ण न फेडता तडजोडीने मिटवलंय. असं मिटवलं की नोंद राहते. उरलेलं तुम्ही बुडवलंत असा त्याचा अर्थ होतो. पूर्ण भरलं असतं तर एवढं बिघडलं नसतं.

माझ्याआधी अण्णा बोलले. पोलीस ठाण्यात जबाब द्यावा तसे खुर्चीत ताठ होऊन म्हणाले, “ती घासाघीस मी केली. याचा दोष नाही.” आणि पाठोपाठ म्हणाले, “मग मला जामीन घ्या. मी कुणाचा एक पैसा लागत नाही.”

बाईंनी त्यांचा नंबर घातला. बराच वेळ काही दिसेना. शेवटी त्या संकोचून म्हणाल्या की यांची काही नोंदच नाही. कधी कर्ज नाही, कार्ड नाही, हप्ता नाही. यांची पत चांगली की वाईट हे सांगायला आमच्याकडे काहीच नाही. घर तारण ठेवता येईल का, असंही त्यांनी विचारलं, पण घर तीन भावांच्या नावावर होतं आणि त्यातला एक अमेरिकेत आणि एक रुसलेला.

अण्णा म्हणाले, “साडेतीनशे वर्षं आम्ही या गावात आहोत.” बाई म्हणाल्या, “हो सर, पण सिस्टिममध्ये नाही.”

बाहेर पडताना मला खरंतर खूप वाईट वाटायला हवं होतं, पण मनात पहिला विचार आला तो असा की निदान माझी नोंद तरी आहे. हा विचार सांगायला लाज वाटते, पण आला होता.

संध्याकाळी बहिणीला फोन केला. दोन दिवसांत फी भरली नाही तर जागा जाणार होती. मी आधी बँकेचे नियम, सर्व्हर, सुट्ट्या वगैरे सुरू केलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “दादा, तुझे वसुलीवाले मला दीड वर्षं फोन करताहेत. तुझ्या फोनमधले नंबर आहेत त्यांच्याकडे. मी त्यांना सांगते, माझा भाऊ चांगला आहे, देईल. आईला कळू दिलं नाही.”

मी सर्व्हर आणि सुट्ट्या तिथेच सोडल्या. ती म्हणाली की ती एक वर्ष सांगलीतल्याच एका लॅबमध्ये काउंटरवर नोकरी धरेल आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करेल. तू नवं कर्ज मात्र घेऊ नकोस आता, एवढंच म्हणाली. जागा गेली. मला इतकं लहान आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

हे सगळं मी खाली जाऊन अण्णांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी धोतर सोडून पँट घालून माझ्या दारात उभे. म्हणाले, “पुढच्या वर्षी ना? मग वर्ष आहे आपल्याकडे. चल. मला कर्ज घ्यायचंय.”

इंदिरानगरच्या एका मोठ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेलो. विक्रेत्याने विचारलं, काय दाखवू सर? टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन? अण्णा म्हणाले, “कर्ज दाखवा. वस्तू कुठलीही चालेल.” तो माणूस माझ्याकडे बघायला लागला. मी मान डोलावली. अखेर अक्कांना फोन करून विचारलं आणि इडलीचं पीठ वाटायचा ग्राइंडर ठरला. सह्या करताना अण्णांच्या कपाळावर घाम होता. एसी चांगला चालू होता.

ग्राइंडर घरी आला, पण खोक्यातून बाहेर आला नाही. हॉलच्या कोपऱ्यात त्याच्यावर चादर घालून ठेवला. अक्का जुन्याच खडखडणाऱ्या ग्राइंडरवर पीठ वाटत राहिल्या. पाहुणे आले आणि कुणी खोक्याला टेकायला गेलं तर अण्णा चटकन म्हणत, “बेडा, बेडा, टेकू नका. तो आपला नव्हे अजून.” हप्त्याच्या दिवशी ते पहाटे अंघोळ करून फोन हातात घेऊन बसत. पैसे आपोआप कापले जातात यावर त्यांचा विश्वास नव्हता. मेसेज आला की पासबुक भरायला बँकेत जात. अक्कांची टकटक बंद झाली. खऱ्या हप्त्यापुढे ते नाटक करायचं त्यांना होईना.

दुसऱ्याच महिन्यात त्यांनी सगळे पैसे एकदम भरून टाकायचं ठरवलं. मी जिन्यावरून धावत खाली आलो. म्हणालो, अण्णा, एवढ्या लवकर फेडलंत तर नोंद तयार होणार नाही; चालू द्या, वेळेवर भरत राहा, घाई नको. त्यांनी माझं ऐकलं. कर्जाच्या बाबतीत माझा सल्ला कुणी घ्यावा असा माझ्या आयुष्यातला हा एकमेव प्रसंग. पुढे ते रोज काहीतरी विचारू लागले. एक कार्डही घ्यावं का? घेतलं तर किती वापरावं? मी उस्तादासारखा सांगायचो. हे सगळं मला आधीपासून पाठ होतं, फक्त माझ्यावर त्याचा प्रयोग झालेला नव्हता. त्या वर्षात मी बुलेट विकली, कॉफीचं यंत्र विकलं, उरलेली दोन कार्डं कापून टाकली आणि त्यांचं देणं पगारातून पै-पै करून पूर्ण भरलं. भाव न करता.

बहिणीला पुढच्या जूनमध्ये पुन्हा जागा मिळाली. आम्ही पुन्हा त्याच बाईंसमोर बसलो. त्यांनी अण्णांचा नंबर घातला आणि या वेळी स्क्रीनवर काहीतरी आलं. बाई हसल्या. म्हणाल्या, सर, फार छान स्कोअर आहे तुमचा. अण्णांनी हात जोडले. मग बाईंनी नियमाप्रमाणे विचारलं की विद्यार्थिनीने किंवा तिच्या घरच्यांनी हप्ते भरले नाहीत तर ते तुम्हाला भरावे लागतील, याची कल्पना आहे ना? अण्णा म्हणाले, “आहे.” आणि सही केली.

बाहेर आल्यावर ते फुटपाथवर थांबले. वरून मेट्रो गेली. तिचा आवाज विरल्यावर ते माझ्याकडे वळले.

“एक विचारू?” ते म्हणाले. “तुला रात्री झोप येते काय रे?”

मी सवयीने हो म्हणणार होतो. सगळ्यांना मी तेच सांगत आलो होतो.

“नाही येत, अण्णा.”

“कधीपासून?”

“इथे आल्यापासून.”

“सरी, मग बरं.” त्यांनी मोठा श्वास सोडला. “मला वाटलं, माझंच काही बिघडलंय. ग्राइंडर आला त्या दिवसापासून छताकडे बघत पडतो मी. आता तुझ्या बहिणीचं कर्ज फिटेपर्यंत येणारच नाही. तुला नाही आली तर खाली येत जा. मी जागाच असतो.”

इतकी वर्षं मला वसुलीवाल्यांची भीती वाटायची. त्या दिवसापासून अण्णांची वाटायला लागली. बहिणीच्या कर्जाचा हप्ता चुकवायचं मनात आलं की खालच्या खोलीत छताकडे बघत पडलेला एक म्हातारा माणूस डोळ्यांपुढे यायचा. मी एकही हप्ता चुकवला नाही. पुढे बहिणीला होसकोटेच्या एका हॉस्पिटलात नोकरी लागली, मग निम्मे ती भरायला लागली. आम्ही बहीण-भाऊ व्हाइटफील्डला राहायला गेलो तेव्हाही हप्ता गेला की मी अण्णांना मेसेज करायचो आणि त्यांचं एका शब्दाचं उत्तर लगेच यायचं, कितीही वाजलेले असोत.

गेल्या महिन्यात शेवटचा हप्ता गेला. सकाळी मी अण्णांना मेसेज पाठवला. या वेळी उत्तर आलं नाही. दुपारीही नाही. संध्याकाळी मी घाबरून फोन केला, तो अक्कांनी उचलला.

“वाचला की त्यांनी,” अक्का म्हणाल्या. “वाचून जेवले आणि आडवे झाले. अजून झोपलेत. उठवू काय?”

“नका उठवू,” मी म्हणालो.